घोळीची जागा

वेसाव्याच्या कोळीवाड्यात बोट किनाऱ्याला लागली की आम्ही बायका विचारतो, काय गावलं? कुठे गावलं, हे कोणी विचारत नाही. एखाद्या नवख्याने विचारलंच, तर माझा नवरा हरेश्वर सांगायचा, "दर्यात." सोन्याच्या भावाने विकला जाणारा घोळ मासा जिथे कळपाने येतो ती जागा त्याला त्याच्या बापाने दाखवली होती. किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे घरात मलाही ठाऊक नव्हतं. ते मुलाला सांगायचं असतं. पण आमच्या दिपेशला बोटीत पाय ठेवला की ओकारी यायची. हरेश्वरचा पोरगा दर्याला घाबरतो, म्हणून सगळी आळी त्याला चिडवायची.

मग तो बाजारात माझ्या मासळीच्या पाटीशेजारी बसायला लागला. मी मासे कापताना गिऱ्हाइकांना कशी झाडते, त्याचे व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकायचा. लोकांना ते भारी आवडले. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद पडला तेव्हा तीच माणसं त्याला फोन करून मासळी मागू लागली. तो स्कूटरवरून पोचवू लागला. पुढे त्याने अ‍ॅप काढलं, मरोळला काचेच्या इमारतीत ऑफिस घेतलं, पेपरात फोटो आला. कॉलेजवाले त्याला भाषणाला बोलावतात, एवढा मोठा कसा झालास ते सांग म्हणतात. तो सुरुवात नेहमी माझ्या पाटीपासून करतो.

पावसाळ्यानंतर त्याने बापाच्या बोटीवर एक डबी बसवली, रेंज नसली तरी बोट कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारी. आईला कळेल तू कुठे आहेस, असं त्याला सांगितलं. हरेश्वर हसला, म्हणाला, म्हणजे आता तिथेही हिचा पहारा. पण बसवू दिली.

थंडीतल्या त्या दिवशी दिपेश मला लुगडं नेसायला, अंगावर सोनं घालायला लावून ऑफिसात घेऊन गेला. कंपनीत मोठी रक्कम घालणारे पाहुणे येणार होते. त्यांच्यातले मुख्य हर्षद शेठ. माझ्याशी फार अदबीने बोलले, माझे व्हिडिओ बघितलेत म्हणाले. भिंतीएवढ्या पडद्यावर समुद्राचा नकाशा होता आणि त्यावर एक निळा ठिपका. दिपेश सांगत होता, ही माझ्या बाबांची बोट. गिऱ्हाईक घरबसल्या बघतं, मासा बोटीतून उतरायच्या आधीच मागवतं. आमच्याकडे लपवाछपवी नाही, गिऱ्हाईक बघतं तेच आम्ही बघतो.

तो ठिपका माझ्यासाठी होता ना?

कोपऱ्यात आकडा होता, बघणाऱ्यांचा. तो भराभर वाढत होता. पाहुणे खूश झाले. ठिपका इकडून तिकडे फिरत होता, थांबत होता, परत निघत होता. हर्षद शेठ म्हणाले, हे तर मॅचसारखं आहे, नजर हटत नाही. दिपेशही हसला. मीही हसले, कारण सगळे हसत होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. शेजारचा चंद्रप्रकाश. त्याची बोट परत येत होती आणि नुकतीच रेंज मिळाली होती.

"मंजुळावयनी, दिपेश कुठाय? त्याला दे."

मी फोन दिपेशच्या कानाला लावला. चंद्रप्रकाशचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू येत होतं. वायरलेसवर हरेश्वरचं बोलणं झालं होतं. बाहेरच्या मोठ्या बोटी त्याच्या जाळ्यावर आल्या होत्या. तो जाळं तोडून निघाला, तर मागे आल्या. त्याला घोळीचा कळप गावलाय असं त्यांना वाटत होतं. तिकडे दाट धुकं होतं, हातभरावरचं दिसत नव्हतं, तरी तो थांबेल तिथे त्या बरोबर येत होत्या. एकीने त्याच्या बोटीला धडक दिली होती. फळी तडकली होती, पाणी आत येत होतं.

"त्यांना कसं समजतं म्हणून तो मला विचारत होता रे," चंद्रप्रकाश म्हणाला. "मी काय सांगू? किनाऱ्यावर कोणीतरी तुझं अ‍ॅप उघडून बसलाय आणि त्यांना वायरलेसवर सांगतोय. आता तर तुझा बाप वायरलेसवर पण येत नाय."

दिपेश कल्पिताकडे धावला. ती त्याच्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. लोकांना ठिपका दिसणार नाही आणि आपल्याला दिसेल असं कर, असं तो सांगत होता. तसं बनवलंच नाही सर, ती म्हणाली, करायचं तर संध्याकाळ होईल. तिने तटरक्षक दलाला फोन लावला. ते निघाले, पण बोट कुठे आहे ते सांगत राहा म्हणाले. ठिपका तर हलत होता.

पाहुण्यांना काही कळलं नव्हतं. आकडा वाढतच होता.

दिपेश माझ्याजवळ आला. हळूच बोलला, लहानपणी ताप आल्यावर बोलायचा तसा.

"आये, ठिपका चालू ठेवला तर त्या बोटी बाबांना बुडवतील. बंद केला तर वाचवणाऱ्यांनाही ते दिसणार नाय. काय करू?"

मी पडद्याकडे बघितलं. त्या ठिपक्यात माझा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता, आणि कोण कोण त्याच्याकडे बघत होतं.

"बंद कर," मी म्हटलं.

त्याने ऑफिसातूनच बोटीवरची डबी बंद केली. ठिपका गेला. नुसता निळा समुद्र राहिला. हर्षद शेठनी विचारलं, नेट गेलं का?

आम्ही किनाऱ्यावर आलो. दर्या दिसतच नव्हता, धुक्यातून नुसता आवाज येत होता. तटरक्षक दलाने कल्पिताला कळवलं की शेवटी सांगितलेल्या जागी कोणी नाही. बायका माझ्याभोवती बसल्या. दिपेश गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. दर इंजिनाच्या आवाजाला मी उठायची आणि परत बसायची.

दुपार कलल्यावर हरेश्वरची बोट आली. एका बाजूला कललेली, खलाशी डब्यांनी पाणी उपसत होते. जाळं नव्हतं. हरेश्वर उतरला. त्याच्या हातात ती डबी होती, वायरी लोंबत होत्या. मागे येणारे चुकले कसे ते कळेना, तेव्हा डबीवरचा दिवा विझलेला त्याला दिसला होता. त्यावरून सगळं उमगलं. त्याने डबी दिपेशच्या हातात दिली.

"किती लोक बघत होते?"

दिपेशने लोंबणाऱ्या वायरी डबीभोवती गुंडाळल्या.

दोन आठवड्यांनी पाहुण्यांचा होकार आला. त्यांना नकाशाच सगळ्यात आवडला होता. कोळीवाड्यातल्या प्रत्येक बोटीवर डबी बसवा, अशी त्यांची अट आहे. दिपेशने अजून उत्तर दिलेलं नाही. काही बोटवाले मात्र आत्ताच विचारायला येतात, आमच्या बोटीवर कधी बसवतोस?

फळी बदलून, उसनं जाळं घेऊन हरेश्वर काल परत निघाला. जुनी जागा सगळ्यांनी बघितली, तिथे तो आता जाणार नाही. त्याची नवी जागा कुठली हे मला माहीत नाही, दिपेशलाही नाही. मी किनाऱ्यापर्यंत गेले. लग्न झाल्यापासून कधी विचारलं नव्हतं, ते काल विचारलं.

"कुठे जातोस?"

त्याने आधी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दर्यात," तो म्हणाला, आणि दोर सोडला.