लेकीला बोललेलं

शिंप्याच्या दुकानात कापणारा एकच असतो, बाकीचे शिवणारे. कापणाऱ्याला मास्तर म्हणतात, शिवणाऱ्यांना कुणी काहीच म्हणत नाही. मास्तरांचा हात थरथरू लागला, तेव्हा कात्री कुणाला द्यायची, लेकीला की सुनेला, हा प्रश्न आला. मुलगा गेल्यापासून सून दुकानातच बसायची. तिला दुसरा आधार नव्हता. दोघींनी गिऱ्हाइकाचा एकेक कोट कापून शिवायचा, असं ठरलं.

लेकीचा कोट मास्तरांनी तिच्याच अंगावर चढवला.

"हात वर कर."

तिने केला.

"कोट हाताबरोबर पळतोय. का?"

"बाहीचा मुंडा खोल गेला."

"मग बघतेस काय? उसव."

लेक डोळे पुसत उसवत बसली. पुन्हा शिवला, पुन्हा उसवायला लावला. सुनेच्या कोटावरून मात्र त्यांनी नुसता हात फिरवला.

"छान. हँगरला लाव."

सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "रडू नका, वन्सं," ती म्हणाली. "जमेल तुम्हालाही."

गिऱ्हाइकं आली. लेकीचा कोट अंगासरसा बसला. सुनेच्या गिऱ्हाइकाने आरशात बघत केसांवरून हात फिरवला आणि अख्खा कोट त्याच्या कानांशी आला.

"यात हात वर करायला बंदी आहे का हो?"

मास्तर त्याच्याबरोबर मनापासून हसले. तो कोट दुरुस्तीला ठेवून गेल्यावर सुनेनं विचारलं, "तुम्हाला आधीच दिसलं होतं, मामंजी?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. तुझ्यासमोर, मोठ्यानं. लेकी बोले सुने लागे म्हणतात. तुला लागलं नाही, त्याला मी काय करू?"

"मला वाटलं, ते त्यांचं चाललंय. मला तर तुम्ही छान म्हणालात."

"उसवायला लावलं की शेजारी बसून बघावं लागतं, सूनबाई. माझ्यात आता एकीपुरतंच बळ उरलंय." त्यांनी कात्री लेकीपुढे सरकवली. "काजं मात्र चांगली करतेस तू. हे खरं सांगतो."

लेकीनं सुनेचा कोट मांडीवर ओढला आणि मुंड्याची शिवण उसवायला घेतली. सून जवळ सरकली.

"मला दाखवा तरी, वन्सं. कुठपर्यंत उसवायचं?"

नणंदेनं स्टूल फिरवलं. आता तिची फक्त पाठ दिसत होती.

"तुमची काजं राहिलीत, वहिनी," ती हळूच म्हणाली.