बियाण्याचं अर्धं पोतं

डोंबिवलीच्या खाडीकाठी बांध फुटला आणि राघोच्या शेतात खारं पाणी शिरलं. तेव्हापासून धाकटा भाऊ गणू एकच धोशा लावून बसला होता, विकून टाक! दारात बिल्डर घिरट्या घालत होते, त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. पण राघो ऐकेल तर शपथ!

दापोलीचं कृषी विद्यापीठ बहात्तर साली झालं. राघोच्या दारात मात्र ते शहाऐंशीत आलं, श्रीपादसरांच्या रूपानं. खाऱ्या जमिनीत तग धरणारं भाताचं बियाणं त्यांनी दिलं, राघोनं एका तुकड्यात पेरलं. भात आलं अर्धं पोतं.

"एवढ्यानं काय व्हतंय?" गणू म्हणाला.

"पुढल्या साली सगळ्या शेतात पेरतो की!"

"बरं. हे बियाणं हाय तोवर थांबतो. मग तू सही करायची."

राघोनं कबूल केलं.

मार्गशीर्षात सरांचा निरोप आला, उद्या वीस विद्यार्थी घेऊन शेत बघायला येतो. राघो सकाळीच त्यांना आणायला स्टेशनवर गेला. मागे त्याची बायको तुळसा कामाला लागली. घरचं भात असताना पोरांना दुकानातला तांदूळ घालायचा? छे! मूठभर भात गिरणीवाला घेत नाही, म्हणून तिनं पोत्यातलं सगळंच भात भरडून आणलं.

पोरं जेवायला बसली, वाहवा करत जेवू लागली. राघो वाढायला आत गेला आणि रिकामं पोतं बघून ओरडलाच. "अगं, काय केलंस हे? बियाणं होतं ते!"

"मला मेलीला काय ठाऊक? ये‌णाऱ्याला उपाशी धाडू होय?" तुळसाला रडूच कोसळलं.

राघोला तिचा राग आला, त्याहून शेताचं वाईट वाटलं. शब्द दिलेला. तो पडवीत आला. गणू पोरांच्या पंगतीतच जेवत होता.

"गणू, बियाणं संपलं. तेच खातोयस तू. कागद आण, करतो सही."

गणूचा हात थांबला. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग राघोकडे. बांध फुटल्यापासून या घरात स्वतःच्या शेताचा भात शिजला नव्हता.

"सही राहू दे," तो म्हणाला. "सर, बियाणं पुन्हा मिळंल ना?"

"मिळेल की. मी स्वतः आणून देतो."

"मग माझ्याकडं द्या. वहिनीला दावू नका." गणूनं ताट पुढे केलं. "वहिनी, रडतेस काय? वाढ अजून."