मी, कटंगीचा एन्सेलॅडस

मी एक जुना चंद्र आहे, मित्रांनो. आभाळातला नव्हे, मध्य प्रदेशातल्या कटंगीच्या एका शाळेतल्या कपाटावरचा. शनीभोवती एन्सेलॅडस नावाचा एक बर्फाळ चंद्र फिरतो. मी त्याची प्रतिकृती.

मला घडवलं नववीतल्या खुशीनं. मडक्यावर कागदाचा लगदा थापला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड कालवली, वरून चुन्याचे तीन हात दिले. माझ्या दक्षिण ध्रुवाला तिनं चार लांब भेगा पाडल्या. शास्त्रज्ञ त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. पोटातून सलाईनची नळी नेली. तिला जोडलेली पाण्याची पिचकारी दाबली की भेगांतून तुषार उडत.

"आपल्या ज्वालामुखीतून आग निघते, याच्यातून पाणी अन् बर्फ," ती प्राचीला सांगायची. "काहून? शनी याले सारखा ओढते, ताणते. त्यानंच पोटात ऊब राह्यते."

प्राची तिची जिवाची मैत्रीण. रोज येऊन ऐकायची. त्या दोघींच्या गप्पांत मी वाळलो.

बालाघाटला जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. खुशी हिंदीत अडखळायची, प्राचीची हिंदी सफाईदार. विज्ञानाचे वीरेंद्र सर म्हणाले, "प्राची बोलेल. नाव दोघींचं देऊ."

"हौ," खुशी म्हणाली, आणि टेबलावरून सोडलेल्या चादरीआड पिचकारी धरून बसली.

परीक्षक बाईंनी प्राचीला विचारलं, "अकेले बनाया, बेटा?"

"जी मॅडम, अकेले."

सर शेजारीच होते.

चादरीआड खुशीची बोटं थांबली. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण मी कोरडा राहिलो असतो तर हसं माझंच झालं असतं. तिनं पिचकारी दाबली. तुषार उडाले, टाळ्या पडल्या, पहिला नंबर आला. बक्षिसाच्या पाटीवर एकट्या प्राचीचं नाव होतं.

मग मी कपाटावर चढलो. खुशी माझ्याकडे न बघता जायची. माझे पोपडे सुटले, भेगा चुन्यानं बुजल्या. जबलपूरच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं तेव्हा प्राचीनं पिचकारी दाबून दाबून पाहिली. थेंब येईना. सरांनी खुशीला बोलावलं.

ती आली. सुईनं एकेक भेग मोकळी केली, पोपडे खरवडून चुना दिला.

"माफ कर ना," प्राची म्हणाली. "सरच ऐनवेळी म्हणाले होते, एकच नाव चालते."

"त्या बाईनं तुले विचारलं होतं, प्राची. सरांले नाई."

"जबलपूरले चल माझ्यासंग."

"नाई. मी याच्यासाठी आलती, तुमच्यासाठी नाई."

तिनं हात धुतले आणि ती वर्गात गेली.

जबलपूरलाही माझं फार कौतुक झालं. मित्रांनो, आम्हा वस्तूंची धूळ झटकत जा, आम्हाला उन्हापावसापासून जपा. पण कौतुक करण्याआधी आम्हाला घडवणारे हात कुणाचे, एवढं नीट विचारून घ्या. तिथे मला पाहायला शेकडो माणसं आली. खुशीचं नाव एकाच्याही कानावर पडलं नाही.