लालीबाईनं सारवलेली पेटी

१९५९ च्या माघात नागपूरच्या कॉलेजातले देशकर सर दारव्ह्याच्या शाळेत एक पेटी घेऊन आले. नववीतल्या मानीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. "सर, आमच्या तांड्यावर ठेवा! माही याडी, म्हंजे माय, चुलीच्या धुरानं खोकून खोकून अर्धी झाली."

पेटी उन्हावर शिजवायची. अक्कल कॉलेजची, पत्रा आणि काच एका कारखान्याची. तळाला काळे लोखंडी तुकडे. दिवसाचं ऊन त्यांनी धरून ठेवायचं आणि सांजेला वरण गरम मिळायचं, असा बेत. दुपारी डाळ झक्कास शिजायची, पण ऊन कललं की पेटी गार अन् वरण त्याहून गार! महिना असाच गेला. "शनिवारी शेवटचं पाहू," सर म्हणाले, "नाहीतर पेटी परत न्यावी लागेल."

नेमकी त्याच आठवड्यात मानी चार दिवस पांढरकवड्याला लग्नाला गेली. शनिवारी सकाळी परतली अन् अंगणातच खिळली. चकचकीत पेटीच्या जागी मातीचा ढिगारा! फक्त वरची काच उघडी.

"याडी! हे काय करून ठेवलं?"

"सारवली. नवी चूल कोनी नागडी ठेवते का?" तिची याडी लालीबाई डाळ निवडत म्हणाली. "माती, शेन, तुरीचा भुसा. चांगली बोटभर."

दुपारी जीप आली. कारखान्याचे इंजिनियर पुंडलिकराव उतरताच ओरडले, "अहो बाई, माझं पॉलिश!"

मानी आडवी उभी राहिली. "साहेब, सांजेलोक थांबा. मंग रागवा."

सूर्य बुडून बराच वेळ झाला. सरांनी झाकण उचललं, तर वाफेनं त्यांचा चष्माच पांढरा! थर्मामीटर मानीनंच वाचला. "सर, बहात्तर! आजलोक चाळीसच्या वर गेला नोता!"

सर हसत सुटले. "ऊब पत्र्यातून पळत होती, पुंडलिकराव. आपण आपले पॉलिश करत बसलो."

"मंग पेटी राह्यते ना?"

"राहते. फक्त याडीनं आम्हाला सारवण शिकवलं पाहिजे."

पुंडलिकरावांनी बाह्या सारल्या आणि माती-शेणाच्या घमेल्यात हात घातला. लालीबाईनं चटकन त्यांच्या मनगटावर चापट मारली. "भुसा, साहेब, भुसा! एवढ्यानं गळून पडन."

"किती टाकू?"

"दोन ओंजळी."

सर पेन्सिल सरसावून म्हणाले, "कोणाच्या ओंजळी, लालीबाई?"

"माह्या," ती म्हणाली. "याहिचे हात बिचारे लहान हायेत."