भिंतीवरच्या माणसाचं काळीज

नौपाड्यातल्या नव्या शाळेच्या भिंतीवर दामाजी पेंटरने काढलेला माणूस पाहून केतकर हेडमास्तर भडकले. "अरे, हृदय डावीकडे असतं! तू उजवीकडे काढलंयस."

"मास्तर, तो आपल्याकडं तोंड करून उभा हाय. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येनार."

"मला शिकवू नकोस. पुसून डावीकडे काढ."

दामाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. वीस वर्षं तो खाडीवर होड्या रंगवत आला होता. होडीची उजवी बाजू होडीची असते; बघणारा पुढे उभा राहो की मागे, ती बदलत नाही. एवढं कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय हे चित्र त्याने डॉक्टरांच्या पुस्तकातून रेघेला रेघ उतरवलं होतं. ते पुस्तक त्याने पुढे धरलं, तर हेडमास्तरांनी उघडूनही पाहिलं नाही.

"छापणाऱ्याची चूक असेल. माझं बघ, कुठे आहे!" असं म्हणत त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. समोर उभ्या दामाजीला तो हात बरोब्बर चित्रातल्याच जागी दिसला. त्याने तेही सांगून पाहिलं. हेडमास्तर तोवर वर्गाकडे निघालेसुद्धा.

संध्याकाळी ते परत आले. हृदय डावीकडे गेलं होतं. पण माणसाचे डोळे, नाक, तोंड काळ्याभोर केसांखाली बुजले होते, बेंबी नाहीशी झाली होती आणि पायाच्या बोटांच्या जागी टाचा आल्या होत्या.

"अरे, याचं तोंड कुठे गेलं?"

"आता काळीज बरोबर डावीकडं हाय, मास्तर," दामाजी ब्रश पुसत म्हणाला. "फकस्त त्याला तुमच्याकडं पाठ करून उभं केलंय."