पांढरी फडकी

मी बोलतोय जानकीच्या कपाटाच्या माथ्यावरून. इथं मान वर करून कुणी पाहत नाही, म्हणून आधी ओळख सांगतो. मी धूळमापक. बिस्किटांची रिकामी बरणी हे माझं पोट, मोडक्या संगणकातला छोटा पंखा ही माझी छाती, आणि तोंडावर रबरानं ताणून बसवलेलं पांढरं फडकं. पंखा फिरला की मी श्वास घेतो. हवा आत जाते, धूळ फडक्यावर राहते. एवढंच मला येतं.

मला गौरवीनं घडवलं, ती दहावीत असताना. गोव्यातल्या पाळी गावात त्यांचं घर रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक गेले की तांबडी धूळ उठते आणि खिडकीतून आत येते. गौरवीची आई, जानकी, दिवसातून दोनदा सगळं पुसून काढते. खिडक्या, देव्हारा, तुळशीची पानंसुद्धा. पाहुणे म्हणत, "तुमच्याकडे कुठे आहे धूळ?" गौरवीला त्याचाच राग येई. आई खोकत खोकत पुसते, ते कुणाला दिसतच नाही, म्हणे. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात तेच दाखवायचं तिनं ठरवलं.

आठवडाभर मी खिडकीत होतो. रोज संध्याकाळी ती फडकं बदलायची आणि जुन्याच्या कोपऱ्यावर वार लिहून पिशवीत ठेवायची, त्याचा रंग तक्त्यावर भरायची. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस. ट्रक बंद असलेल्या रविवारचं फडकं जवळजवळ कोरं, शनिवारचं पार विटकरी.

"हाच तुझा पुरावा," शाळेतले कृष्णनाथ सर म्हणाले. "सांभाळ. निवड झाली तर राज्याच्या प्रदर्शनाला जाशील."

शाळांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मला खोक्यात घातलं. आतून धुण्याच्या दगडावर काहीतरी आपटल्याचा आवाज ऐकू आला. त्या घरात तो रोजचाच. मी मनावर घेतलं नाही.

प्रदर्शन पेडण्याला होतं. सभागृहाची दारं बंद, एसी सुरू, फरशी लख्ख. परीक्षक बाई आमच्या टेबलापाशी आल्या तशी गौरवीनं पंखा लावला. मी जीव खाऊन श्वास ओढला. फडकं कोरं ते कोरंच.

"तक्त्यावर तांबडा रंग भरलायस खरा," बाई म्हणाल्या, "पण रंग कुणीही भरील. खरी फडकी कुठं आहेत?"

गौरवीनं पिशवी उघडली. आत फडकी होती. धुतलेली, नीळ दिलेली, इस्त्री करून कागदात गुंडाळलेली. कोपऱ्यावरचे वारसुद्धा धुऊन पुसट झाले होते.

शेजारच्या टेबलावरची मुलं फिस्सकन हसली. बाईही हसल्या, पण प्रेमानंच. "अगं, तुझ्या गावात धूळ नाहीच की!"

आईनं धुतली, एवढंच गौरवीला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. पंखा बंद केला.

घरी जानकी दारातच उभी होती. "काय गो, फडकी बघून काय म्हणाले?"

"स्वच्छ हत म्हणाले."

"मगे! लोकांफुडे मळकी फडकी कशी न्हेवची? मुद्दाम नीळ घातलंय."

खरी गोष्ट जानकीला पुढं कधीतरी सरांकडून कळली. हातात ओलं फडकं घेऊन ती उंबऱ्यावर बसून राहिली.

"माका सांगलंस कित्याक नाय गो?"

"तू किती खुश होतंस, आये."

त्यानंतर दोघी त्याबद्दल बोलल्या नाहीत. गौरवी अकरावीला वास्कोला, मावशीकडे गेली. जायच्या आधी तिनं माझी बॅटरी काढली आणि मला इथं वर ठेवून दिलं. गणपतीच्या चवथीला येते, मूर्तीवर फळाफुलांची माटोळी बांधते, मोदक खाते आणि जाते. वर पाहत नाही. ट्रक गेला की बरणी थरथरते, तेवढीच मला सोबत.

जानकी मात्र स्टुलावर चढून कपाटाचा माथा रोज पुसते. माझ्यापाशी आली की तिचा हात थांबतो. माझ्याभोवतीनं गोल पुसून घेते आणि खाली उतरते. मला हात लावत नाही.

माझा पंखा बंद आहे. श्वास घेता येत नाही. तरी धूळ येते आणि आपण होऊन बसते. माझं फडकं आता त्या शनिवारच्या फडक्याहून तांबडं झालंय.

गौरवी, या चवथीला आलीस की स्टूल ओढ. एकदा वर बघ. तुझ्या आईनं एक फडकं धुतलेलं नाही.