रोजची लेन्स

धाकटीची पन्नाशी कधीच उलटली होती, पण गल्लीत तिला अजूनही धाकटीच म्हणत. थोरली होती तोवर त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. आता थोरली नव्हती, तरी नाव बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि धाकटीला तर हल्ली कशाचंच काही वाटत नसे. कुणी धाकटी म्हणून हाक मारली की ती मान वर करायची, बस.

दोघी बहिणींचा फोटो स्टुडिओ होता. खाली दुकान, वर राहायचं घर. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘फोटो’ एवढंच लिहिलेलं होतं, कारण रंगवणाऱ्याने तेवढं लिहून पोबारा केला आणि पुढचं लिहून घ्यायला नंतर कुणाला सवड झाली नाही. फोटो काढायची धाकटी. थोरली नेमकं काय करायची, ते गिऱ्हाइकांना सांगता आलं नसतं.

थोरलीचं काम पाठीमागचं. लग्नात नवं जोडपं सभागृहातून बाहेर येतं तेव्हा फोटो काढणाऱ्याला त्यांच्यापुढे उलटं चालावं लागतं, डोळा कॅमेऱ्याला लावून. मागे खुर्ची आहे, कुणाचं पोर आहे की उघडं गटार आहे, काही दिसत नाही. तेव्हा थोरली धाकटीच्या कमरेचा पट्टा मुठीत धरून तिच्यामागे चालायची. ‘ये, ये, जरा डावीकडे. आता पायरी. अजून एक. थांब. हां, काढ.’ स्टुडिओतही तेच. माणूस स्टुलावर बसला की थोरली पट्टा धरून धाकटीला पुढे ढकलायची नाहीतर मागे ओढायची, आणि कुठली लेन्स लावायची तेही तीच सांगायची. ‘या काकांना पंच्याऐंशीची लाव गं, जवळ गेलीस तर दचकतील बिचारे.’ फोटो सुरेख यायचे. लोक धाकटीच्या नजरेचं तोंडभरून कौतुक करायचे आणि थोरली मागे उभी राहून गालातल्या गालात हसायची.

हिवाळ्यात थोरली गेली. ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. धाकटी रडली नाही. भेटायला आलेली माणसं म्हणाली, बाई खंबीर आहे हो. खंबीर कसली, ती बधिर झाली होती. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो आणि मग आपल्याच गालाला हात लावला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिला अंगभर झालं होतं. ती वेळेवर उठायची, दुकान उघडायची, पासपोर्टचे फोटो काढायची, जेवायची. आमटीत मीठ घालायचं राहिलंय हे तिला समोरच्याने मीठ मागितल्यावर कळायचं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका लग्नात ती पडली. डोळा कॅमेऱ्याला, समोर हसतखिदळत येणारं जोडपं, आणि धाकटी निर्धास्त उलटी चालत राहिली. मागे कुणी नाही हे तिच्या डोक्याला माहीत होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. सभागृहाच्या पायऱ्यांवरून ती उताणी खाली गेली. कॅमेरा तिने छातीशी धरला होता, त्याला साधा ओरखडा उठला नाही. उजवा खांदा मात्र कामातून गेला.

‘अहो, मागे नाही का बघायचं?’ खांदा बसवताना डॉक्टर म्हणाली.

‘मागे कशाला बघायचं?’ धाकटी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

खांदा हळूहळू हलायला लागला. पण लेन्सांनी भरलेली ती भलीमोठी पिशवी पुन्हा उचलायची नाही, असं डॉक्टरने बजावलं. एक कॅमेरा आणि त्याला एक लेन्स, बाकीच्या घरी कपाटात.

‘एक म्हणजे कुठली?’ धाकटीने विचारलं.

‘ते मी काय सांगणार? तुमची रोजची असेल ती.’

घोडं अडलं ते इथेच. धाकटीची रोजची अशी कुठली लेन्सच नव्हती. चोवीस, पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या चार लेन्स तिने आयुष्यभर वापरल्या होत्या आणि त्यातली एकही स्वतःहून निवडली नव्हती.

वरच्या घरात आता धाकटी आणि खारू अशा दोघीच होत्या. खारू म्हणजे थोरलीची मुलगी. लहानपणी खारीसारखी सतत काहीतरी कुरतडत बसायची म्हणून ते नाव पडलं. बाप तिला आठवतही नव्हता, आई आणि मावशीच्या मध्ये ती वाढली. आता शिकूनसवरून पुलांचे आराखडे काढायला लागली होती आणि दूरच्या एका शहरात तिला नोकरी लागली होती. रविवारी सकाळच्या गाडीने ती जाणार होती. सगळे म्हणत, पोरगी आईची छबी आहे. तेच कपाळ, त्याच जाड भुवया, हसताना एका बाजूला वर जाणारा तोच ओठ.

म्हणून धाकटी तिच्याकडे बघत नसे. त्यात राग नव्हता, कुरबुर नव्हती. जेवताना ती ताटात बघायची, बोलताना खिडकीबाहेर, आणि जिन्यात समोरासमोर गाठ पडली तर हातातल्या किल्ल्यांमध्ये. तिला भीती वाटायची. तेवढी एकच गोष्ट तिला अजून वाटत होती. या तोंडाकडे आपण एकदा नीट बघितलं तर ही बधिरपणाची सुई उतरेल, आणि मग खाली जे काही असेल ते आपल्याच्याने सोसवणार नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

‘मावशी, मी जायच्या आधी माझा एक फोटो काढ,’ खारू म्हणाली. ‘मोबाइलमधला नको. तू काढलेला हवाय मला.’

‘काढू की.’

‘कधी?’

‘आधी लेन्स तर ठरू दे.’

मग लेन्स ठरवण्याचं एवढं मोठं काम निघालं की विचारू नका. रविवार जवळ येत होता आणि धाकटी रोज एकेक लेन्स लावून गल्लीत हिंडत होती. चोवीसच्या लेन्समध्ये अख्खी गल्ली मावायची, पण माणूस जवळ आला की त्याच्या चेहऱ्याची पार दैना व्हायची. कोपऱ्यावरच्या चांभाराने आपला फोटो बघितला. ‘माझ्या नाकाच्या जागी हा बटाटा कुणी ठेवला?’ तो म्हणाला. पस्तीसची लावली तर माणसांच्या घोळक्यात घुसावं लागायचं, नाहीतर फोटोत नुसत्या खुर्च्या आणि भिंती. ती न्हाव्याच्या दुकानात शिरली आणि आरसा, वस्तरा, साबणाचा फेस असं सगळं एकत्र धरायला इतकी पुढे सरकली की न्हावी म्हणाला, ‘बाई, केस कापायचे असतील तर बसा, नाहीतर जरा बाजूला व्हा. या माणसाचा कान जाईल.’

पंच्याऐंशीची लावली आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. या लेन्सला रस्त्याच्या पलीकडचा माणूस अलगद मिळायचा. त्याला पत्ताही लागत नसे, आणि चेहरे गुळगुळीत, शांत, कुणीही देखणं दिसावं असे. मुख्य म्हणजे सगळ्यांपासून चार हात लांब राहता यायचं.

‘पंच्याऐंशीची,’ शुक्रवारी ती खारूला म्हणाली. ‘ठरलं एकदाचं. चल, काढू तुझा फोटो.’

तिने खारूला समोरच्या फुटपाथवर उभं केलं आणि स्वतः दुकानाच्या दारात राहिली. ‘मागे हो जरा.’ खारू मागे झाली. ‘अजून.’ खारू अजून मागे झाली. मधून मोटारी जात होत्या, एक सायकलवाला दोघींच्या मध्ये थांबून चेन बसवायला लागला, मग सामानाची एक गाडी आली आणि तिथेच उभी राहिली. गाडी हलली तेव्हा धाकटी पुन्हा म्हणाली, ‘आणखी थोडी मागे.’

‘भिंत आली, मावशी!’ खारू पलीकडून ओरडली. ‘आता कुठे जाऊ?’

फोटो निघाला. खारू रस्ता ओलांडून आली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिने तो बघितला. फोटोत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. उजेड बरोबर, डोळे स्पष्ट, मागची भिंत छान विरघळलेली.

‘कसा आहे?’ धाकटीने विचारलं.

‘चांगला आहे. कुणाचाही असता तरी असाच आला असता.’ खारूने पडद्यावरून नजर काढली. मग म्हणाली, ‘पन्नासची का नाही लावून बघितलीस?’

‘पन्नासची? ती धड इकडची ना तिकडची. दोन माणसं बोलायला उभी राहतात ना, तेवढ्या अंतरावर उभं राहावं लागतं तिला.’

‘मग?’

धाकटीने लेन्सवर टोपण लावलं आणि गिऱ्हाईक येणार आहे असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली. कुणीही येणार नव्हतं.

शनिवारी सकाळी खारू आपणहून खाली दुकानात आली आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसली. वर तिच्या बॅगा भरून झाल्या होत्या. तिने काही मागितलं नाही, रुसवा दाखवला नाही, नुसती बसून राहिली. धाकटीने काउंटर पुसला. मग पुसलेला काउंटर पुन्हा पुसला. मग कपाट उघडून तिने पन्नासची लेन्स काढली आणि कॅमेऱ्याला लावली.

खारू दूर दिसत होती. धाकटी एक पाऊल पुढे गेली आणि थांबली. अजून दूरच होती. तिला कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. किती पुढे जायचं हे तिचं तिलाच ठरवायचं होतं आणि ते तिला आजवर जमलं नव्हतं. आणखी एक पाऊल, मग अर्धं. आता चौकटीत चेहरा आला, गळा आला, मांडीवर ठेवलेले हात आले.

आधी थोरलीच दिसली. ते कपाळ, त्या भुवया. धाकटी वाट बघत राहिली, आता रडू येईल, आता सगळं कोसळेल. काहीच आलं नाही. आत तसंच बधिर होतं. इतके महिने जिच्यापायी ताटात बघून जेवले ती भीती ही एवढीच, असं वाटून ती जरा ओशाळली. मग दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून ती बघत राहिली, एखाद्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी, उजेड कुठे पडलाय, सावली कुठे आहे.

सावली डोळ्यांखाली होती. ती खिडकीच्या उजेडाची नव्हती. गाल आत गेले होते, सदऱ्याची कॉलर मानेभोवती ढगळ झाली होती. नखं तर कुरतडून कुरतडून इतकी मागे गेली होती की बोटांची टोकं लाल झाली होती. यात थोरली कुठेच नव्हती. ही कित्येक महिने धड न जेवलेली, धड न झोपलेली एक मुलगी होती, आणि ती याच घरात, पलीकडच्याच खोलीत झोपत होती.

‘किती वाळलीस गं तू,’ धाकटी कॅमेऱ्याआडून म्हणाली. ‘जेवतेस का नीट?’

खारू हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

‘मला कुणी हे विचारतच नाही,’ ती म्हणाली. ‘सगळे म्हणतात, मावशी कशी आहे? डॉक्टर विचारते, समोरचा न्हावी विचारतो, आईच्या मैत्रिणी फोन करून विचारतात. मावशीला सांभाळ, मावशीला एकटं सोडू नकोस. मी सगळ्यांना सांगते, बरी आहे. मावशी, तुझी बहीण गेली हे मला कळतं गं. पण माझी आई गेली.’

धाकटीला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? तिच्यासमोरच तर सगळं झालं होतं. पण थोरली गेली म्हणजे आपली थोरली गेली, एवढंच तिच्या आत पोचलं होतं. या पोरीची आई गेली, हे आजपर्यंत आत आलंच नव्हतं. ते आत्ता आलं, आणि आल्याबरोबर दुखलं. फार नाही, पण नेमकं कुठे ते सांगता येईल इतकं दुखलं.

‘काढ ना फोटो,’ खारू नाक पुसत म्हणाली. ‘थांबलीस का?’

‘अशी रडताना?’

‘अशीच काढ.’

धाकटीने फोटो काढला. एकच. मग ती आणखी पुढे गेली. इतक्या जवळचं या लेन्सला दिसत नाही, चौकटीतला चेहरा पुसट झाला. तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी खारूकडे बघितलं, थेट, किल्ल्यांत नाही की खिडकीबाहेर नाही. रडू तिला तेव्हाही आलं नाही. तिने खारूचे दोन्ही हात हातात घेतले आणि ती लाल झालेली बोटं अंगठ्याने चोळत राहिली.

‘उद्या स्टेशनवर येशील?’ खारूने विचारलं.

‘येईन की.’

‘कॅमेरा आणू नकोस.’

‘नाही आणत,’ धाकटी म्हणाली.